चमचा तहकूब

मामलेदार कचेरीत चौतीस वर्षे काढून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्यास तंटे ऐकण्याचा सराव असतो, आणि बांधाच्या, वहिवाटीच्या, पाणंदीच्या असंख्य फिर्यादी कानांवरून गेल्यामुळे वादी आणि प्रतिवादी हे दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात, हेही त्याला पुरते उमगलेले असते; परंतु सोळा महिन्यांच्या प्रतिवादीने मुळात समन्सच स्वीकारू नये, असा मामला माझ्या पाहण्यात प्रथम आला तो वाईच्या आमच्या राहत्या घरी, गेल्या माघात. प्रतिवादी म्हणजे आमची नात ठकूताई. मुलगा आणि सून पुण्यास नोकरीला, शनिवारी येतात नि रविवारी रात्री जातात, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार या बालिकेच्या पोटापाण्याची संपूर्ण मुखत्यारी आमच्या सौभाग्यवतींकडे. एका सोमवारी ठकूताईंनी चमच्याकडे पाहून ओठ मिटले, ते मिटलेच. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मोबाइलमधला नाचणारा हत्तीसुद्धा होऊन गेला. चमचा उजवीकडून आला की मान डावीकडे, डावीकडून आला की उजवीकडे, आणि फारच नेट लावला तर हाताचा एक असा फटकारा की गुरगुट्या भात थेट माझ्या चष्म्यावर.

याच सुमारास आमच्या मेहुणीबाई, कुसुमताई, पंधरा दिवसांच्या मुक्कामास आल्या. या बाईंचा सारा जन्म बालवाडीत गेला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस जे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर जे नांदते ठेवले, त्या परंपरेत त्यांचे शिक्षण झालेले. त्यामुळे मूल आपल्या हातांनी जे करू शकते ते मोठ्या माणसाने करणे हा त्यांच्या लेखी जवळजवळ अतिक्रमणाचा गुन्हा. सौभाग्यवती या थोरल्या बहीण, ज्यांना कुसुमताई आणि त्यांच्यामागून आता सारे घर अक्का म्हणते. त्यांचे मत याच्या नेमके उलट. दोघींचा वाद आठवडाभर, हप्त्याहप्त्याने चालला. त्यातील मुख्य जबान्या मी येथे उतरून ठेवतो.

आरंभ अक्कांनीच केला, आणि तो करताना हातातली चांदीची वाटी खाली ठेवली नाही.

"मी तीन पोरं वाढवली, कुसुम. बोंडल्यानं दूध, चमच्यानं खिमट, मग वरणभात, मग पोळी कुस्करून दुधात. वाटी संपली की मला कळतं पोटात काय गेलं. हातात दिलं तर निम्मं अंगाला, पाव जमिनीला, उरलेलं मुंग्यांना. मग पोराचं वजन कशानं वाढायचं?"

"वाटी संपली हे तुला कळतं, अक्का, पोट भरलं हे कोणाला कळतं?" कुसुमताई म्हणाल्या. "आणि मला एक सांग, तू स्वतः कशानं जेवतेस? भाऊजी कशानं जेवतात? या घरात चमच्यानं काय खाल्लं जातं? श्रीखंड आणि औषध. श्रीखंड तर तिला तू देत नाहीस. मग चमचा दिसला की औषध आलं असं त्या पोरीनं समजावं, यात नवल ते काय?"

या ठिकाणी मला उष्टावणाची आठवण झाली. ठकूताईंचे उष्टावण सातव्या महिन्यात मामाच्या मांडीवर झाले, आणि खीर चाटवली ती सोन्याच्या अंगठीने. चमचा त्या समारंभात हजरही नव्हता. आश्वलायनादी गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनास सहावा महिना मुक्रर केला, जागतिक आरोग्य संघटनाही वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करा असेच सांगते, आणि आश्वलायनाचे व जिनिव्हाचे एखाद्या मुद्द्यावर इतके मतैक्य असावे हे मला नेहमीच आल्हादकारक वाटत आले आहे. परंतु हे मी मोठ्याने बोलून दाखविताच दोघींनीही मला पंचाच्या जागेवरून उठवून साक्षीदाराच्या जागी बसविले.

वजनाच्या मुद्द्यावर मात्र कुसुमताईंचे म्हणणे मला दखलपात्र वाटले. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते, आणि नेमक्या याच सुमारास पायांत चालणे व डोक्यात स्वातंत्र्य शिरते. आजी मात्र मनात पहिल्या वर्षाचाच हिशेब धरून बसलेली असते आणि न आलेल्या भुकेची वसुली करू पाहते. "त्यात तुझं दूध," कुसुमताई पुढे म्हणाल्या. "सकाळी बाटली, जेवली नाही म्हणून बाटली, झोपताना बाटली. दिवसाला अर्ध्या लिटरपलीकडे दूध गेलं की जेवायला पोटात जागा कुठली? दुधात लोह नसल्यासारखंच. पोर गोरीगुबगुबीत दिसते आणि रक्त मात्र पातळ राहतं."

अक्का यावर काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अकराची बाटली कोणी काही न सांगता बंद झाली, हे मी पाहिले.

तिसऱ्या दिवशी कुसुमताईंनी आपला मोठा साक्षीदार पुढे आणला. शिकागोच्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२६ साली एक प्रयोग आरंभिला. नुकतेच अंगावरचे दूध सुटू लागलेली, सहा ते अकरा महिन्यांची मुले त्यांनी घेतली. अशी एकंदर पंधरा मुले झाली आणि काहींवर तर कित्येक वर्षे हा प्रयोग चालला. एकूण चौतीस पदार्थ ठरविलेले होते, त्यांतले निवडक प्रत्येक जेवणाला निरनिराळ्या भांड्यांतून मुलापुढे तबकात मांडावयाचे, आणि परिचारिकेने हातात चमचा घेऊन शेजारी निमूट बसावयाचे. मुलाने एखाद्या भांड्याकडे हात केला तरच चमचा भरावयाचा, आणि त्याने तोंड उघडले तरच तो आत घालावयाचा. मुलाने बोटांनी खाल्ले, मूठ भरून खाल्ले, तरी त्याच्या रीतीभातीविषयी अवाक्षर काढावयाचे नाही. मुले चमत्कारिक जेवली. कोणी न्याहारीला संत्र्याचा रस आणि यकृत असा बेत केला, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध यांवर भागविले. नुसते मीठ तोंडात घालून ठसकले, रडले, पण थुंकले नाही, आणि पुन्हा मिठाकडेच हात नेला. एका मुलास आरंभी मुडदूस होता. त्याच्या तबकात माशाच्या यकृताचे तेल ठेवले जाई. ते पोर आपण होऊन पीत राहिले, आणि मुडदूस बरा झाल्यावर त्याने ते सोडून दिले. सगळी मुले धडधाकट निघाली.

"ऐकलंस?" कुसुमताई विजयी मुद्रेने म्हणाल्या. "पोराच्या शरीराला ठाऊक असतं."

अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "ते चौतीस पदार्थ कोणी ठरवले?"

"त्या बाईंनी."

"त्यात बिस्किट होतं?"

"नाही. साखर नाही, गोड नाही, डब्यातलं काही नाही. साधं, ताजं अन्न."

"मग पोराच्या शरीराला काय ठाऊक होतं? ठाऊक होतं ते त्या बाईला. बिस्किट ठेवलं असतं चौतिसात, तर पंधरा पोरांनी बिस्किटच खाल्लं असतं."

कुसुमताई क्षणभर थांबल्या आणि मग, ही त्यांची थोरवी, प्रामाणिकपणे म्हणाल्या, "डेव्हिसबाईंनीही शेवटी तेच लिहिलंय. म्हणे, यातली सगळी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे."

माझ्या मते मामल्याचा निकाल खरे तर येथेच लागला होता, जरी तो उभय पक्षांना तेव्हा मान्य झाला नसता. ताटात काय येणार, केव्हा येणार आणि ते कोठे बसून खावयाचे, येथवर सरकारचा अखत्यार. किती खावयाचे, किंबहुना खावयाचे की नाही, हा रयतेचा. चमच्याचा दोष एवढाच की तो ही हद्द ओलांडून रयतेच्या दातांपर्यंत जाऊन पोहोचतो. परंतु हद्द ओलांडली म्हणून सरकारच बरखास्त करावे, असे त्यातून निघत नाही. पुष्कळ नव्या आईबापांची गफलत येथे होते: हाताने खाऊ द्या म्हणताच ते मुलाच्या हाती चिप्सची पिशवी देतात, आणि मूल स्वावलंबी झाले म्हणून कौतुकाने फोटो काढतात.

प्रश्न उरला तो घास अडकण्याचा. आणि येथे अक्का अशा काही चिडल्या की मी वर्तमानपत्र खाली ठेवले. झाले इतकेच होते की कुसुमताईंनी ज्वारीच्या भाकरीचा पदर वरणात भिजवून ठकूताईंच्या हाती दिला, त्यांनी तो अधाशीपणाने तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी आले, चेहरा लाल झाला, जीभ बाहेर आली आणि 'ऑक्' असा मोठा आवाज करून तो घास त्यांनी ताटात परत केला. अक्का ओरडत उठल्या. कुसुमताईंनी त्यांचा हात धरून ठेवला. ठकूताईंनी तोच घास उचलून, थोडा लहान तोडून, पुन्हा तोंडात घातला.

"आवाज येतोय तोवर भ्यायचं नाही, अक्का. उमासा येणं ही शरीराची राखण आहे. घास मागं जाण्याआधी ते त्याला पुढं ढकलतं. खरा गुदमरलेला जीव ओरडत नाही, खोकतही नाही, तो गप्प होतो. तेव्हा मात्र तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, घास आणखी खोल जातो. मुलाला ओणवं करून पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांमध्ये, तळव्यानं पाच थापा, आणि सुटलं नाही तर वर्षावरच्या मुलाला पोटावर बेंबीच्या वर पाच दाब. तान्ह्याला पोटावर नाही, छातीवर. हे एकदा डॉक्टरांकडून हातानं करून शिकायचं असतं. न्यूझीलंडात २०१६ साली दोनशे सहा बाळं पाहिली, काही हातानं खाणारी, काही चमच्यानं. अडकण्याच्या प्रसंगांत फरक सापडला नाही. मात्र हातानं खाणाऱ्यांच्या आईबापांना काय द्यायचं नाही हे आधी नीट शिकवलेलं होतं."

"तुझी दोनशे सहा बाळं मला नकोत," अक्का म्हणाल्या. "मला एक पुरे."

आणि मग त्यांनी जे सांगितले ते लग्नाला पंचेचाळीस वर्षे होऊनही मी ऐकले नव्हते. या बहिणींचे माहेर गुहागरकडचे. अक्का तेव्हा नऊ वर्षांच्या, कुसुमताई पाळण्यात, आणि मधला भाऊ दोन वर्षांचा. आई भातलावणीला. पडवीत अक्का भावाला राखत होत्या, आणि त्याने मागितले म्हणून त्यांनी भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ त्याच्यापुढे ओतली. तो खाता खाता हसला, ठसकला, निळा पडला, पुन्हा श्वास घेऊ लागला. कोणाला काही सांगितले नाही. पुढे दोन महिने पोराला खोकला. गावात डांग्या खोकल्याचे औषध चालले. शेवटी मुंबईस नेले, तेव्हा श्वासनलिकेच्या फांद्यांत बसलेला अर्धा दाणा नळी घालून काढला. भाऊ वाचला, आज रत्नागिरीस नातवंडांत आहे. "पण तेव्हापासून," अक्का म्हणाल्या, "लहान पोराच्या तोंडात जाणारं सगळं मी आधी बघते. चमच्यात ते दिसतं."

कुसुमताईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने मी आत डोकावलो तो त्या विळीवर बसून तासगावची द्राक्षे कापीत होत्या, आडवी नव्हे, उभी, एकेकाचे चार भाग. "भाऊजी," मला पाहून त्या म्हणाल्या, "अक्काची भीती खरी आहे. अख्खा दाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष, लाह्या, कच्चं गाजर, गोळी, हे पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाती द्यायचंच नाही. आडवं कापलेलं द्राक्ष गोलच राहतं, बुचासारखं बसतं. शेंगदाण्याचा कूट चालतो, दाणा नाही."

त्या दिवसापासून वादाचे स्वरूप पालटले. तत्त्व कुसुमताईंचे राहिले, पण तत्त्वाने कोणाचे पोट भरत नाही. आणि जिन्नस काय करावयाचा हे विचारताच दिसून आले की बालवाडीच्या बाईंच्या भात्यात उकडलेला बटाटा, उकडलेले गाजर आणि केळे यांपलीकडे फारसे बाण नाहीत. केळे तर ठकूताईंच्या मुठीतून साबणासारखे निसटे. अक्कांनी ते दोन मिनिटे पाहिले, आणि केळ्याचे बोटाएवढे तुकडे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या बारीक किसात घोळवून पुढे ठेवले. निसटणे थांबले. नंतर त्यांना कोणी विचारावे लागले नाही.

लाल भोपळ्याच्या फोडी सालीसकट वाफवावयाच्या, म्हणजे सालीला धरता येते आणि गर ओरबाडता येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सहज चुरडली तर ती फोड शिजली, एरवी पुन्हा पातेल्यात, ही परीक्षा मात्र कुसुमताईंची. मुगाच्या डाळीच्या धिरड्यात दुधी किसून घालावयाचा, आणि ते मऊ राहावे म्हणून झाकण ठेवून भाजावयाचे. नाचणीची आंबोळी, कारण शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट; हा आकडा मी वाचून दाखविला तेव्हा अक्का म्हणाल्या, "आकडा कशाला, आम्ही पोराला नाचणीचं सत्त्व द्यायचो ते उगीच?" मटकी मऊ शिजवून, एकेक दाणा बोटाने चेपून, वर लिंबाचे दोन थेंब, लिंबाने कडधान्यातले लोह अंगी लागते. कोथिंबीर वडी वाफवलेली, तळलेली नव्हे. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, जी शिळी झाली तरी वातड होत नाही. अंडेही ठरले, पूर्ण उकडून, लांबट कापून. पण ते शनिवारी, सुनेच्या विजेच्या शेगडीवर, माडीवर. आमच्या चुलीपर्यंत अंड्याची बढती अद्याप झालेली नाही.

आणि पानगी. तांदळाची पिठी, दूध, पिकल्या केळ्याचा गर, मिठाची कणी; केळीच्या पानाच्या तुकड्याला तूप पुसून त्यावर हे पीठ बोटांनी थापावयाचे, वरून दुसरे पान, आणि तव्यावर झाकण घालून ठेवावयाचे; पान करपल्याचा वास आला की उलटावयाची. पान सोलले की पानगीवर शिरांची नक्षी उठलेली असते, आणि त्या खरखरीमुळे लहान मुठीला ती घट्ट धरता येते. अक्का पान सोलीत होत्या, आणि सोलता सोलता त्यांचा हात थांबला.

"कुसुम, आई तुलाही हेच द्यायची गं. पडवीत बसवून, हातात पानगीचा तुकडा. तिला कुठला वेळ चमच्यानं भरवायला? सात माणसांचं रांधून शेतावर जायचं."

"म्हणजे मी कोसबाडला जे शिकले ते—"

"ते पडवीतच होतं. पण पडवीत शेंगदाणेही होते."

यापुढे दोघींनी मिळून काही कलमे ठरविली, ती मी दप्तरी दाखल केली आहेत. जेवण बसूनच, पाठ ताठ, पाय टेकलेले. धावता, लोळता किंवा गाडीत नाही. जवळ एक मोठे माणूस, पण हात मांडीवर. ताटात एका वेळी तीन-चार तुकडे, अधिक नाहीत, कारण ढीग दिसला की ठकूताई तो उधळतात. न आवडलेला पदार्थ आग्रह न करता पुन्हा पुन्हा आणावयाचा. आठ-दहा वेळा समोर आल्यावर पुष्कळदा मुले आपण होऊन हात लावतात. (कारल्याच्या बाबतीत माझे स्वतःचे सदुसष्ट वर्षांत तसे अजून झालेले नाही.) साखर दोन वर्षांपर्यंत नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजांचे विष त्या वयात जिवावर बेतू शकते. हे शेवटचे कलम ठकूताईंना लागू नव्हते, परंतु शेजारच्या वाड्यात पाच महिन्यांचे बाळ आहे आणि त्याची आजी बाळगुटी मधात उगाळते, म्हणून अक्कांनी ते मुद्दाम घालायला लावले आणि संध्याकाळी जाऊन तोंडी बजावूनही आल्या.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मी घड्याळ लावून पाहिले. ठकूताईंनी प्रथम पानगी उलटी करून तिच्यावरच्या शिरा बोटाने गिरविल्या. मग ती ताटावर तीन वेळा आपटली. मग एक कोपरा तोंडात घालून, डोळे मिटून, चघळला. भोपळ्याची फोड चेपून तळहातावर पसरली, तळहात चाटला, उरलेला केसांना लावला. दोन मटक्या चिमटीत धरण्याचा प्रयत्न चार वेळा फसला आणि पाचव्यांदा साधला, तेव्हा त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिले. बत्तीस मिनिटे. पोटात किती गेले याचा दाखला मी देऊ शकत नाही. अक्का तो तीन वेळा मागत्या झाल्या, आणि दरवेळी स्वतःच गप्प बसल्या. चांदीची वाटी आणि चमचा समोरच्या फडताळात होते. अक्कांचा हात दोनदा तिकडे गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी चमचा काढला, पुसला, आणि तो ठकूताईंच्याच डाव्या हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला आणि उजव्या हाताने जेवल्या.

कुसुमताई पौर्णिमेनंतर परत गेल्या. जाताना त्यांनी अक्कांकडून पानगीचे प्रमाण लिहून घेतले. अक्कांनी त्यांना पिठी बांधून दिली, वर द्राक्षे कशी कापावीत याविषयी चार उपदेशाचे शब्द ऐकविले, आणि कुसुमताईंनी ते ऐकून घेतले. जमीन दिवसातून तीनदा पुसावी लागते, ते काम माझ्याकडे आले आहे. मुंग्यांविषयी अक्कांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. काल सायंकाळी मी रोजकीर्द लिहावयास बसलो आणि चष्मा काढण्यासाठी डबी उघडली, तो आत मखमलीला चिकटलेला, वाळून खडखडीत झालेला दशमीचा एक तुकडा निघाला, कडेला चार दातांची खूण असलेला. तो जमेत धरावा की खर्ची टाकावा, हे अद्याप ठरलेले नाही.